आरोपीच्या तोंडून

उरणच्या कचेरीच्या ओट्यावर बाक एकच होतं. एकोणीसशे एकतीसचा श्रावण... कौलांतून पाणी टपकत होतं. शिपाई म्हणाला, "फिर्यादीनं साक्षीदाराशी बोलायचं न्हाय." आणि खबरदारी म्हणून त्यानं आम्हा दोघांच्या मध्ये आरोपीला बसवलं.

फिर्यादी मी, केसर. माझ्या आजारी बापाची होडी चोरीला गेली होती आणि आमचं पोट त्या होडीवरच होतं. जामिनावर सुटलेला आरोपी, भागोजी. तो आमच्या होडीला नवा रंग फासत असताना एकट्या कोंडाजीनं पाहिलं होतं, मिठागरावरून; साक्षीदार तोच.

कोंडाजीनं माझ्या ओल्या खांद्याकडे पाहिलं. मग भागोजीला म्हणाला, "तिला सांग, भिजतेस... इकडं सरक."

भागोजीनं सांगितलं.

"त्याला सांग, मधी चोर हाय. सरकू कशी?"

भागोजीनं तेही सांगितलं. एक शब्द गाळला नाही.

तारखा पडत गेल्या. कचेरीमागं पुरावा म्हणून ठेवलेली होडी उन्हानं तडकत होती आणि आमचं प्रेम चोराच्या तोंडून वाढत होतं. थंडीत कोंडाजीनं माझ्यासाठी बोरं आणली. भागोजीनं निम्मी खाल्ली, उरलेली माझ्या ओंजळीत ठेवली.

"तो इचारतो, लगीन करशील काय?"

"सांग त्याला... आदी होडी सुटू दे."

साक्षीच्या दिवशी भागोजीचा वकील उठला. "फिर्यादीशी तुमचा काय संबंध?"

त्याला कुणी सांगितलं, हे विचारायची गरज नव्हती. आमचा निरोप्या त्याचाच अशील होता.

कोंडाजीनं शपथ घेतली होती. मी मान हलवली — न्हाय म्हण, काय न्हाय म्हण. त्यानं ते पाहिलं.

"माजा जीव हाय तिच्यावर."

कारकुनानं लिहिलं आणि रिवाजाप्रमाणं वाचून दाखवलं, "साक्षीदाराचा फिर्यादीवर जीव आहे."

"बरोबर?" मॅजिस्ट्रेट रावसाहेबांनी विचारलं.

"बरोबर."

साक्ष पक्षपाती ठरली. भागोजी सुटला, होडी त्याच्या ताब्यात गेली. बापूस म्हणाला, "ज्यानं होडी घालवली, त्याला पोरगी देत न्हाय." आणि मुंबईच्या गिरणीत माझी सोय लावली.

धक्क्यावर कोंडाजी आला.

"रागावलीस?"

"व्हय."

"आनि न्हाय म्हनलो असतो तर?"

मी मचव्यात चढले. आमच्यात वावभर पाणी आल्यावर म्हणाले, "तर जल्मभर रागावले असते."