फाटक्या पडद्याचा भोंगा

सगुण त्या दिवशी सकाळी सायकल घेऊन खाणीवर गेला, तो भंगारातला एक भोंगा आणायला. काम एवढंच होतं. खाणीवर आता विजेचा सायरन बसला होता, आणि जुन्या भोंग्याने इथं जागा अडवलीय, घेऊन जा, असा निरोप आला होता. सगुणने तो लांब गळ्याचा, ॲल्युमिनियमचा भोंगा कॅरिअरला सुतळीने बांधला आणि मुळगावच्या चढणीवरून सायकल ढकलत घरी आणला. अंगाला तांबडी धूळ लागली होती, पण गडी खूश होता.

भाड्याने लाउडस्पीकर देणं हा सगुणचा धंदा, आणि जुने भोंगे सोडवून, सुधारून पहिल्यापेक्षा जोरकस करणं हे त्याचं व्यसन. राज्य होण्याआधी भाषेची रणधुमाळी माजली, तेव्हा कोकणीवाल्यांची सभा असो की मराठीवाल्यांची, भोंगा सगुणचाच असायचा. दोन्हीकडच्या घोषणा एकाच तोंडातून निघायच्या आणि सगुण मागे विडी ओढत फक्त एवढंच ऐकायचा, की आवाज फाटत तर नाही ना. ‘माझो भोंगो अस्नोड्याक आयकाक येता,’ पार पलीकडच्या गावापर्यंत आवाज जातो, ही त्याची फुशारकी. याच फुशारकीपायी चार वर्षांपूर्वी त्याच्या हातून जे घडलं, ते त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं.

घरापुढच्या बलकावात, म्हणजे पडवीत, त्याने भोंगा आडवा घातला. गळा आतून घासला, पत्रा झणझणू नये म्हणून बाहेरून डांबराचा हात दिला. मग मागचं युनिट काढलं. युनिट म्हणजे भोंग्याचा कंठ. चुंबक, तारेचं बारीक वेटोळं आणि त्याला चिकटलेला पातळ पडदा. झाकण उघडायच्या आधीच सगुणला ठाऊक होतं, की आतला पडदा फाटका असणार.

त्यानेच तो बसवला होता.

तेव्हा खाणीवर दुपारी साडेबाराला सुरुंग उडायचे, आणि त्याआधी विठू नावाचा राखणदार या भोंग्यावरून तीन वेळा इशारा द्यायचा. भोंग्याची देखभाल सगुणकडे होती. त्या साली देवळातल्या काल्याच्या उत्सवाला आपला आवाज पंचक्रोशीत दणाणला पाहिजे, या हट्टापायी सगुणने खाणीच्या भोंग्याचं ताकदीचं युनिट गुपचूप घरी नेलं आणि जागेवर आपलं फाटकं लावून ठेवलं. दोन दिवसांचा तर प्रश्न, असं तो स्वतःला म्हणाला. दुसऱ्याच दिवशी, डोंगरकडेला लाकडं गोळा करणाऱ्या गंगा नावाच्या बेळगावकडच्या बाईच्या डोक्यात दगड बसला आणि ती जागच्या जागी गेली. इशारा कोणीच ऐकला नव्हता.

विठू शपथेवर सांगत राहिला, मी तीनदा ओरडलो. गाव म्हणालं, पिऊन झोपला असणार. मग विठू सगुणच्या पायरीवर येऊन बसला. “सगुणा, तुका भोंग्यातला कळता. एकदा लोकांक सांग, भोंगोच बिघडललो.” आणि सगुणने देवळात, चार माणसांसमोर, मान वर न करता सांगितलं, “भोंगो बरो आसलो.” रात्रीत त्याने युनिटांची अदलाबदल करायचं धाडसही केलं नाही. चोरलेलं युनिट भाताच्या कोंड्यात पुरून ठेवलं. अपघातानंतर खाणीने तो भोंगा उतरवून भंगारात टाकला, त्यामुळे आतलं फाटकं कोणी पाहिलंच नाही. विठूची नोकरी गेली, तोंड लपवत तो पेडण्याकडे बहिणीच्या गावी गेला, आणि वर्षाच्या आत मेला. सगुणला स्वतःची इतकी लाज वाटे, की विठूच्या घरावरून जायची वाट त्याने कायमची सोडली होती.

पण वाट सोडली म्हणून माणसं सुटत नाहीत. मागच्या आठवड्यात विठूची बायको पार्वती स्वतःच आली. तिच्या कोमलला तुये इथल्या कारखान्यात कामाला असलेल्या मुलाचं स्थळ आलं होतं. सगळं ठरत आलं, आणि मुलाच्या बापाच्या कानावर गेलं, की मुलीच्या बापाने दारू पिऊन माणूस मारला. “सगुणभावजी, तुमीच सांगा, भोंगो खरोच बरो आसलो?” सगुण म्हणाला, “जुनी गोष्ट ती. आता कित्याक उकरून काढतंस?” ती उठून गेली, आणि सगुणला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

आता त्याने कोंड्यातून ते चोरलेलं युनिट काढलं. मुंबईहून मागवलेला नवा पडदा त्यात बसवला, कडा साफ केल्या, स्क्रू पिळले. उद्या देवळात देवाला घालायचं वर्षाचं गाऱ्हाणं होतं, आणि भोंगा लागणार होता तो हाच. चार वर्षांनी ते युनिट आपल्या जागी बसलं. वायर अजून जोडायची होती. सगुण फडक्याला हात पुसत होता आणि आत भिंतीवरच्या घड्याळात साडेबाराचा एक ठोका पडला.

भोंग्याच्या तोंडातून कोणीतरी खाकरलं.

बाहेर टळटळीत ऊन होतं. कावळासुद्धा ओरडत नव्हता. सगुणला जळलेल्या दारूचा वास आला, सुरुंगाच्या दारूचा, आणि तापलेल्या मातीचा. मग अगदी हळू, फडक्याआडून यावा तसा आवाज आला...

“सुरुंग लागतत... बाजूक व्हयात...”

एकदा. मग थांबून दुसऱ्यांदा. सगुणचे हात वायरीकडे गेले, पण ओढून काढायला वायर होतीच कुठे! तिसऱ्यांदा आवाज आला तेव्हा त्याने गोणपाट उचललं आणि भोंग्याच्या तोंडात कोंबलं.

स्वयंपाकघरातून त्याच्या बायकोने, सुमंगलाने विचारलं, “कोण इलां? विठूभावजींसारखो खोकलो आयकलंय...”

“कोण नाय,” सगुण म्हणाला. भीती होतीच, पण भीतीपेक्षा लाज मोठी होती. मेलेला माणूससुद्धा आपलं काम चोख करत होता आणि आपण पुन्हा त्याच्या तोंडात बोळा कोंबला होता. त्याने गोणपाट बाहेर ओढलं आणि तिथंच ठरवलं, उद्या गावासमोर सांगून टाकायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळापुढच्या आंब्यावर भोंगा चढला. गावचे मानकरी, गावकार, गाऱ्हाणं घालू लागले. त्यांचं एकेक वाक्य संपलं, की सगळा गाव एका तोंडाने म्हणे, “व्हय म्हाराजा!” भोंगा असा वाजत होता, की सगुणने जन्मात तसा ऐकला नव्हता. लोक मागे वळून वळून त्याच्याकडे कौतुकाने बघत होते, आणि त्याला ते कौतुक अंगाला खाजकुयलीसारखं लागत होतं.

गाऱ्हाणं झालं. “आनी कोणाक देवाक काय सांगूचा आसा?” गावकारांनी विचारलं. सगुण उठला, माइक हातात घेतला.

“विठूची चूक नाय. पडदो फाटको आसलो. चांगला युनिट मिया चोरललंय.”

भोंग्यातून नुसती घुरघुर आली. शब्द नाही, काही नाही. लोक एकमेकांकडे बघायला लागले. कोणीतरी हसून ओरडलं, “सगुणा, तुझ्या नव्या भोंग्याचो घसो बसलो मरे!”

सगुणने माइकवर टिचकी मारली. “हॅलो, एक, दोन, तीन.” डोंगरावर आपटून आवाज परत आला, इतका स्वच्छ. त्याने पुन्हा म्हटलं, “विठूची चूक नाय...” पुन्हा घुरघुर. माइक टाकून तो गावकारांच्या कानाशी गेला आणि जीव खाऊन ओरडला. गावकारांनी कानाला हात लावला, त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाले, “काय म्हणतंस? माका काय आयकाक येना रे... तुका बरां नाय काय?”

तेव्हा सगुणला कळलं, की विठूला त्या दिवशी कसं वाटलं असेल.

तो तसाच निघाला, अनवाणी, ती सोडलेली वाट धरून. विठूचं घर वाडीच्या पार शेवटी, खाणीच्या बांधाला लागून. तिथवर देवळातली घंटासुद्धा पोचत नाही. पार्वती दारात उभी होती, वाट बघत असल्यासारखी. डोळे रडून लाल झाले होते.

“आयकलंय,” ती म्हणाली. “शब्दान शब्द आयकलंय.”

सगुण पायरीवरच बसला. तोंड वर करायची त्याची हिंमत होईना. “बाकी कोणाक आयकाक येना, वहिनी...” एवढं बोलला, तर शेजारी उभी असलेली कोमल आईला म्हणाली, “आये, हे काय म्हणतत? नुसतो घुरघुराट येता.”

पार्वतीने आतून वही नि पेन आणून कोमलच्या हातात दिलं. “तुमी सांगा,” ती म्हणाली. “मिया बोलतंय. ह्यां बरयतला.”

मग तसंच झालं. सगुण एकेक वाक्य बोलायचा. कोमलला ती घुरघुर वाटायची. पार्वती तेच वाक्य पुन्हा म्हणायची आणि कोमल लिहायची. युनिट कसं चोरलं. फाटकं कसं लावलं. विठू पायरीवर येऊन काय म्हणाला, देवळात आपण काय खोटं बोललो, सगळं. गंगाचं नाव आलं तेव्हा सगुण हमसून रडला, आणि ते रडणं मात्र पोरीला नीट ऐकू आलं. लिहिता लिहिता पान भरलं. सगुणने ते तुयेच्या मुलाकडच्यांना आणि गावकारांना दाखवायला सांगितलं, आणि सही करायला वही मांडीवर घेतली.

वाचता वाचता त्याचं पेन थांबलं. त्याच्या प्रत्येक वाक्याखाली कोमलने आणखी एक ओळ लिहिली होती. व्हय म्हाराजा. पुन्हा, व्हय म्हाराजा. पानभर.

“ह्यां कित्याक बरयलंस गो?” पार्वतीने विचारलं. “ह्यां मिया खंय म्हणलंय?”

“तू न्हय,” कोमल म्हणाली. तिने दाराबाहेर, ओट्याच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथं पूर्वी विठू जेवून बसायचा. आता तिथं कोणी नव्हतं. सारवलेल्या जमिनीवर तेवढी ताज्या तांबड्या धुळीची दोन पावलं उमटली होती, घराच्या आत वळलेली.

“बाबा म्हणत होते मगे प्रत्येक खेपेक,” ती म्हणाली. “त्यांचा तर स्पष्ट आयकाक येय होता.”