बाकीचं पिशवीत

"एक," ठकूताई म्हणाली आणि तिने चिंचोका टेबलावर ठेवला. दुसरा उचलला. "एक." तिसरा उचलून खिडकीतल्या उन्हाकडे धरला, उलटासुलटा न्याहाळला आणि पुन्हा म्हणाली, "एक."

चिंचोक्यांची रांग टेबलाच्या टोकाला पोचली, तरी ठकूताईची गाडी काही एकाच्या पुढे सरकेना.

शाल्मलीला हसावं की रडावं तेच कळेना. ठकूताई म्हणजे काही साधंसुधं यंत्र नव्हतं. साताऱ्यातल्या शाल्मलीच्या बालवाडीची ती यंत्रबाई होती. दारात उभी राहून प्रत्येक पोराला नावानं हाक मारायची, शेंबूड पुसायची आणि मग सतरंजीवर पिशवी पालथी करून सगळ्यांना मोजायला शिकवायची. शाल्मली आता सातवीत होती, तिला चष्मा लागला होता, तरी ठकूताईच्या रबरी बोटांचा मऊ स्पर्श तिला अजून आठवत होता. गेल्या महिन्यात ठकूताईचे जुने डोळे कायमचे बंद पडले, म्हणून तिला दुरुस्तीसाठी मुकुंदआजोबांकडे, म्हणजे शाल्मलीच्या आजोबांकडे आणलं होतं.

आजोबांनी उभी हयात प्रयोगशाळेत यंत्रांचे डोळे बनवण्यात घालवली होती. निवृत्तीनंतर परसातल्या खोलीत त्यांचा तोच उद्योग चालू होता. ठकूताईला त्यांनी आपल्याकडचे सर्वांत भारी संवेदक (भोवतालची माहिती टिपणारे भाग) बसवले होते, आणि त्याचा त्यांना कोण अभिमान!

"तिच्या डोक्यात बिघाड नाही," आजोबा टक्कल खाजवत म्हणाले. "मी तीनतीनदा तपासलंय. मग ही अशी का मोजतेय?"

तेवढ्यात बालवाडीच्या मुग्धाबाईंचा फोन आला. त्यांचा चेहरा भिंतीवरच्या पडद्यावर उमटला.

"काका, सोमवारी नवी मुलं येतायत. हिला मोजता येत नसेल, तर मोडीत काढून भाग दुसऱ्या यंत्रांना लावायचं ठरलंय. माझा जीव तुटतो हो, पण माझ्या हातात नाही. संध्याकाळी गाडी पाठवतेय."

 शाल्मलीचा धाकटा भाऊ ओजस सोमवारपासून त्याच बालवाडीत जाणार होता. रोज झोपताना तिनेच त्याला ठकूताईच्या गोष्टी सांगितल्या होत्या. ती धावत जाऊन ठकूताईसमोर उभी राहिली.

"ठकूताई, मी शाल्मली! ओळखलंस ना?"

ठकूताईच्या नव्याकोऱ्या डोळ्यांतून बारीक निळा प्रकाश फिरला. "माझ्याकडच्या चित्रातली शाल्मली चव्वेचाळीस इंच उंच आहे. तिला पुढचे दोन दात नाहीत. आपण वेगळ्या आहात. आपलं नाव काय?"

 शाल्मली खोलीच्या कोपऱ्यात जाऊन बसली आणि तिने चष्मा काढून फ्रॉकला पुसला. खरं तर काच स्वच्छच होती.

आजोबांनी हळूच तिच्याजवळ स्टूल ओढलं. "वाईट वाटून घेऊ नकोस, शालू. नवे डोळे आहेत ना, तिला फारच बारीक दिसतं."

"किती बारीक?"

"तूच विचार की तिला."

शाल्मलीने दोन चिंचोके उचलले. तिला तर ते जुळ्या भावांसारखे दिसत होते. "ठकूताई, हे दोन सारखेच आहेत ना?"

"नाहीत," ठकूताई लगेच म्हणाली. "डावा किंचित जड आहे. उजव्यावर केसाएवढी चीर आहे. रंगात फरक आहे. चकाकीत फरक आहे. सांगत बसले तर दुपार जाईल. ही एक गोष्ट. आणि ही दुसरीच एक गोष्ट."

शाल्मली ताडकन उठली. "आजोबा! तिला प्रत्येक चिंचोका वेगळा दिसतोय. म्हणून प्रत्येक वेळी नव्यानं एक!"

 आजोबांनी कपाळावर हात मारून घेतला. "अरेच्चा! म्हणजे माझ्या भारी डोळ्यांनीच घात केला. पाच म्हणायचं तर आधी पाचही वस्तू एकाच जातीच्या आहेत असं मानावं लागतं. वर्गीकरण (सारख्या वस्तूंचे गट पाडणं) आधी, मोजणी मागाहून. जुन्या डोळ्यांना अंधूक दिसायचं, त्यामुळे गट आपोआप पडायचे."

"मग जुन्यासारखेच डोळे लावा ना!"

"आता कुठे मिळतात ते? आणि एवढं स्वच्छ दिसणाऱ्याला मुद्दाम आंधळं करायचं मला जमायचं नाही."

शाल्मली टेबलावरची पिशवी चाचपत राहिली. ठकूताईची गोणपाटाची जुनी पिशवी. आत बाटल्यांची बुचं, शिंपले आणि बटणं. तिने मूठभर बटणं बाहेर काढली, आणि त्यांत तिला ते सापडलं. लाल, कडेला टवका उडालेलं.

हे बटण ती कशी विसरेल! चार वर्षांची असताना याच्यावरून तिने बालवाडी डोक्यावर घेतली होती. सगळी लाल बटणं एकत्र ठेवायची होती आणि ही बया अडून बसली होती, "हे तुटकंय, हे वेगळंय, याला नाही घ्यायचं!" तेव्हा ठकूताई रागावली नव्हती. तिने बटणावरून बोटं फिरवली, चिमटीत काहीतरी पकडल्यासारखं केलं आणि ते नसलेलं काहीतरी पिशवीत टाकलं. "तुटकेपणा पिशवीत," ती म्हणाली होती. "आज आपण फक्त रंग बघायचा. बाकीचं पिशवीत!" मग सगळी पोरं हवेतून काय काय पकडून पिशवीत टाकत सुटली होती. नव्या डोळ्यांना दिसणाऱ्या फरकांच्या गर्दीत ठकूताई स्वतःचाच हा खेळ विसरली होती. किती सोपं होतं तेव्हा सगळं!

तिने सतरंजी अंथरली. ठकूताईला समोर बसवलं, बटणं ओतली आणि मान तिरकी केली.

"ठकूताई, आज काय बघायचं? आज रंग बघायचा. हा आपला निकष (कशावरून गट पाडायचे तो नियम). या बटणाचा रंग?"

"लाल. पण कडेला टवका..."

"टवका पिशवीत!" शाल्मलीने चिमटी धरून तो नसलेला टवका पिशवीत टाकला.

 ठकूताईचा हात सावकाश उठला. "वजन... पिशवीत? चकाकी पिशवीत?"

"हां! बाकीचं सगळं पिशवीत!"

लाल बटणं एकीकडे झाली, पांढरी दुसरीकडे. ठकूताईने लाल गटावर बोट ठेवलं. "एक. दोन. तीन. चार." आजोबांनी लहान पोरासारख्या टाळ्या पिटल्या.

"थांबा, आजोबा. आता हे गट मोडायचे. ठकूताई, आता भोकं बघायची. दोन भोकांची इकडे, चार भोकांची तिकडे."

"मग रंग?"

"रंग या खेळापुरता पिशवीत. पुढच्या खेळाला परत काढू."

टवक्याचं लाल बटण या वेळी पांढऱ्या बटणांच्या शेजारी जाऊन बसलं, आणि ठकूताईला त्यात काहीच वावगं वाटलं नाही.

"बघ शालू," आजोबा म्हणाले, "बटण तेच, पण निकष बदलला की त्याचं घर बदलतं. फरक न दिसणं वेगळं आणि तो दिसत असूनही थोडा वेळ बाजूला ठेवणं वेगळं. हे दुसरं जमलं की गणिताचं दार उघडतं. मोठमोठे शास्त्रज्ञ तरी याहून निराळं काय करतात?"

बाहेर गाडीचा भोंगा वाजला. मुग्धाबाई स्वतःच आल्या होत्या. दारातच त्यांना चिंचोके मोजणारा आवाज ऐकू आला, "अकरा, बारा, तेरा," आणि त्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या. डोळ्यांना पदर लावत त्या एवढंच म्हणाल्या, "सोमवारी साडेआठला दारात उभी पाहिजे हं ही."

शाल्मली पिशवी आवरायला वाकली, तेव्हा रबरी बोटं तिच्या खांद्याला लागली. ठकूताई तिच्याकडे टक लावून बघत होती. मग तिने शाल्मलीच्या डोक्यावरून हात फिरवला, चिमटी धरली आणि पिशवीत सोडली.

"उंची पिशवीत," ती म्हणाली. "चष्मा पिशवीत. नवे दात पिशवीत."

शाल्मलीने वर बघितलं. "मग उरलं काय?"

"भुवईवरचा तीळ. आणि 'आज काय बघायचं' विचारताना मान तिरकी करायची सवय." ठकूताईने टवक्याचं बटण तिच्या तळहातावर ठेवलं. "ये ग शाल्मली. आज उशीर केलास."