बरणीचं झाकण

"नुसते बघत काय उभे राहिलात? उघडून द्या की!"

किराणा दुकानाच्या पायरीवर ती काचेची बरणी गुडघ्यांत धरून बसली होती. बरणीत धुरावलेल्या लाल मिरच्या होत्या, टोमॅटोच्या रसात मुरलेल्या. मिरची विकत घेतली की घरी जाईपर्यंत धीर निघायचा नाही, तिथल्या तिथे चाखायची, ही तिची जुनी खोड. पण उजव्या तळव्यावर टाक्यांची गुलाबी खूण होती आणि डाव्या हाताला ते झाकण काही दाद देत नव्हतं.

समोरचा तरुण उंच होता. खांद्याला बॅग, आणि डोळ्यांत... हसू?

"उजव्या हाताने प्रयत्न करून बघा ना," तो म्हणाला.

"उजवा चालत असता तर तुम्हाला कशाला हाक मारली असती?"

"हाक कुठे मारलीत? ओरडलात."

आणि तो चक्क निघून गेला! बरणीला बोटसुद्धा न लावता! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुसऱ्या दिवशी दादा तिला हाताच्या व्यायामासाठी दवाखान्यात घेऊन गेला, तर पांढऱ्या कोटात तोच उभा.

"ही माझी बहीण, डॉक्टर," दादा म्हणाला. "आम्ही हिला ठिणगी म्हणतो."

"हो, कालच चटका बसलाय," डॉक्टर गंभीर चेहऱ्याने म्हणाला.

दोघं भावंडं मिळून एक छोटंसं उपाहारगृह चालवायची. गल्ल्यावर दादा, चुलीपाशी ठिणगी. तिथलं मेक्सिकन पद्धतीचं चिकन, म्हणजे तंतू तंतू सोडवून तिखट टोमॅटोच्या रश्शात शिजवलेलं, खायला लोक लांबून यायचे. मग एक दिवस विसळताना काचेचा पेला फुटला आणि तळव्यातली शीर तुटली. जखम भरली, पण बोटं मिटेनात. दादाने मायेनेच सांगितलं होतं, "महिनाअखेरीस नवा आचारी ठेवतो. तू आता आरामात गल्ल्यावर बस." त्याची माया तिला जखमेपेक्षा जास्त झोंबली. गल्ल्यावर? जन्मभर आपल्याच स्वयंपाकघरातून दुसऱ्याच्या हातचं बाहेर येताना बघायचं?

डॉक्टरने तिच्या हातात मऊ गोळा दिला. "दाबा. आणि डावा हात पाठीमागे. त्याने मदत करायची नाही."

तिने दोनदा दाबला आणि तिसऱ्यांदा भिंतीवर फेकून मारला.

"नेम चांगला आहे," तो गोळा उचलत म्हणाला. "पण या हाताला नक्की काय करायला आवडतं?"

"चिकन सोडवायला," ती पुटपुटली. डोळे भरून आले होते, ते त्याला दिसू नयेत म्हणून तिने मान वळवली. त्याला दिसलं. त्याने फक्त गोळा पुसून पुन्हा तिच्या तळव्यावर ठेवला, आणि त्यावर ती पहिल्यांदा थोडीशी भाळली.

पुढच्या वेळी त्याने टेबलावर डबा उघडला. आत उकडलेलं चिकन.

"हे तुम्ही शिजवलंत?" तिने डब्यात डोकावून विचारलं. "त्या कोंबडीने तुमचं काय वाकडं केलं होतं?"

"का? काय झालं?"

"मीठ नाही, कांदा नाही, लसूण नाही. आणि धगधगत्या आचेवर उकळलंत ना? दोरखंड झालाय नुसता! मंद आच हवी, आणि शिजल्यावर त्याच पाण्यात निवू द्यायचं. तरच ते अलगद सुटतं."

"बरं, बाई. आता सोडवा तो दोरखंड."

तिने सोडवला. रडत, चिडत, त्याला नावं ठेवत. एकेक धागा. मग दर खेपेला तो नवा डबा आणू लागला आणि दर खेपेला चिकन जरा बरं होऊ लागलं, आणि तिची बोटंही. रांगेतले पेशंट वासाने आत डोकवायचे. तिच्या बोटांकडे बघता बघता त्याची नजर कधी वर यायची आणि तिची नजर आधीच तिथे असायची... मग दोघंही घाईने डब्यात बघायची.

एका दुपारी तिची मूठ पूर्ण मिटली. तो खुर्चीतून उठलाच. "झालं! उद्यापासून यायची गरज नाही."

इतकं सहज? "म्हणजे... सुटका झाली तर तुमची."

"त्या बरणीचं झाकण राहिलंय अजून," तो म्हणाला. "महिनाअखेरीस येतो. गिऱ्हाईक म्हणून."

तो दिवस उजाडला. दादाने निरोप दिलेला नवा आचारी दाराशी येऊन बसला होता. ठिणगीने कोणाला जवळ येऊ दिलं नाही. मंद आचेवर शिजून निवलेलं चिकन तिने दहाही बोटांनी सोडवलं. तव्यावर टोमॅटो काळे डाग पडेपर्यंत भाजले, कांदा परतला. मग ती बरणी घेतली. झाकण हलेना. तिने दातओठ खाल्ले, चेहरा लाल झाला. दादाला राहवेना. तो पुढे झाला, तोच मघापासून दाराशी उभ्या असलेल्या डॉक्टरने त्याचं मनगट धरलं.

"थांबा, दादा. जमेल तिला."

ठक!

झाकण निघालं आणि धुराचा, आंबटतिखट वास स्वयंपाकघरभर सुटला. मिरच्या, टोमॅटो एकत्र वाटून तिने कांद्यावर ओतले, त्यात चिकन सोडलं. रश्शाला उकळ्या फुटल्या. दादाने एक घास खाल्ला. मग दुसरा. डोळे पुसले आणि नव्या आचाऱ्याला म्हणाला, "तिखट आहे हो." मग जरा थांबून, "तुम्ही आता जेवूनच जा. इथली जागा भरलेली आहे."

दादा आणि आचारी बाहेर गेले. ती तव्यावर मक्याच्या पातळ रोट्या टाकत होती. डॉक्टर शेजारी येऊन उभा राहिला.

"आता तुम्ही माझ्या पेशंट नाही."

"मग कोण आहे मी?"

"तेच विचारायला... म्हणजे, पेशंट होतात तोवर बोलायचं नाही असं ठरवलं होतं. मला तुम्ही आवडता. फार. त्या पायरीपासून." त्याने हात पुढे केला.

तिने आपला उजवा हात त्यात दिला आणि मूठ मिटली. घट्ट.

"आई गं! बोटं मोडतील!"

"मोडू देत. व्यायाम मी घेईन तुमचा," ती हसत म्हणाली. "मलाही तुम्ही आवडता. दगडासारखे उभे राहून बघणारे."

"रोटी जळतेय..."

"मग उलटा की! नुसते बघत काय उभे राहिलात?"

"अहो, पण माझा उजवा हात—"

"तो आता मिळणार नाही. डाव्याने करा."