डावीकडची काच

बाबांच्या इंजिनाच्या जाळीला सत्तावन्न पट्ट्या होत्या. मी सत्तावन्नच बसवल्या. कुणी म्हणेल, गेममध्ये त्या मोजायला कोण बसलंय? बाबा बसले असते. अठ्ठावन्नावी दिसली असती तर त्यांनी तोंड फिरवलं असतं, आणि मला त्यांचं तोंड उघडायला हवं होतं.

झटका आल्यापासून चार महिने बाबा दोनच शब्द बोलत होते. ‘हं’ आणि ‘नको’. त्यांना बोलायला शिकवायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, “ओळखीचं काहीतरी हातात द्या. शब्द मागनं येतील.” ओळखीचं काय देणार, कपाळ? या माणसाला ना पत्ते, ना टीव्ही. त्यांना फक्त इंजिन, आणि ते कधीच भंगारात गेलेलं. मग मी ट्रेन चालवायचा गेम आणला. त्यात हजार इंजिनं, बाबांचं नेमकं नाही. मी चिडले आणि स्वतःच बांधायला घेतलं. मी कारखान्यात पंपांची ड्रॉइंग काढते. चिडले की माझं काम चांगलं होतं.

खरं सांगायचं तर मला नुसतं बोलणं नको होतं. एक वाक्य हवं होतं.

इंजिनात दोघं असतात. उजवीकडे ड्रायव्हर, डावीकडे असिस्टंट. सिग्नल दिसला की ड्रायव्हरने रंग मोठ्याने पुकारायचा, मग असिस्टंटने स्वतःच्या डोळ्यांनी बघून पुन्हा पुकारायचा. दोघांचं जुळलं नाही तर ब्रेक. बाबांचा असिस्टंट इतका खणखणीत पुकारायचा की सगळे त्याला राघूच म्हणत. मी नऊ वर्षांची असताना, एका वळणावरच्या सिग्नलच्या पुढे बाबांची गाडी उभ्या मालगाडीवर आदळली. इंजिनाची डावी बाजू चेपली. राघू गेला.

चौकशीत बाबा म्हणाले, “मी हिरवा म्हटलं, त्यानेही हिरवा म्हटलं.” सिग्नल बिघडला असावा, असं ठरलं. नंतर एकदा राघूची बायको आमच्या दारात आली. आत यायला तयार नाही. एवढंच विचारलं, “खरंच हिरवा म्हणाले का हो ते?” बाबा खाली बघत राहिले. मीच आतून ओरडले, “हो, म्हणाले!” ती माझ्याकडे बघत बघत जिना उतरली.

तेव्हापासून एकतीस वर्षं, राघू हिरवाच म्हणाला, हे मला बाबांच्या तोंडून ऐकायचं होतं. चौकशीला सांगितलेलं नाही, मला सांगितलेलं. विचारायचा धीर झाला नाही, आणि आता त्यांची वाचाच गेली होती.

असो. इंजिन बांधताना आम्ही हौशी लोक एक आळशीपणा करतो. उजवा अर्धा भाग बांधायचा आणि प्रोग्रामला सांगायचं, याची उलट नक्कल डावीकडे कर. म्हणजे डावं ते उजव्याचं प्रतिबिंब. उजवीकडे एक स्क्रू हलवला तर डावीकडचा आपोआप हलतो. वेगळा हलूच शकत नाही. खिडकीच्या दोन्ही काचा मी बंद ठेवल्या होत्या. आवाज नऊच घातले होते, इंजिन, ब्रेक, हॉर्न वगैरे. माणसाचा आवाज एकही नाही.

पहिल्यांदा इंजिन गेममध्ये चालू केलं तेव्हा डावी काच चार बोटं खाली होती.

माझीच चूक, म्हटलं. मूळ मॉडेल उघडलं, तिथे बंद. पुन्हा गेममध्ये घातलं. आता काच अर्ध्यावर. उजवी जागच्या जागी. रविवारची सकाळ त्यात गेली, दूध उतू गेलं, आणि जिवाला चैन म्हणून पडेना. खुर्चीत बसले की पाय हलायचा, उठले की पुन्हा बसावंसं वाटायचं.

शेवटी इंजिन फोरमनला पाठवलं. हे त्याचं इंटरनेटवरचं नाव, आमच्या हौशी लोकांतला जाणकार. त्याला मी कधी पाहिलेलं नाही, पण चुका काढण्यात हातखंडा. त्याचं उत्तर आलं, “काम झकास! फक्त एक सांग, डावी काच पूर्ण उघडी का? कुणी बाहेर वाकून बघतंय की काय?”

मी मेसेज बंद केला.

बाबांना मात्र इंजिन दाखवताच ते ताठ बसले. उजवा हात लुळा, म्हणून गेमची लिव्हर मी त्यांच्या डाव्या हाताशी लावली आणि स्वतः डावीकडे स्टूल घेऊन बसले. त्यांनी हॉर्न वाजवला आणि हसले! चार महिन्यांत पहिल्यांदा. मला रडूच फुटलं. काच गेली खड्ड्यात, म्हटलं.

आठवडाभर आम्ही रोज संध्याकाळी चहानंतर गाडी चालवली. बाबा प्रत्येक सिग्नलला ओठ हलवायचे, मग मान जराशी डावीकडे कलती करून थांबायचे. ऐकल्यासारखे. मग मान डोलवायचे. मला वाटायचं, जुनी सवय.

शनिवारी मी अपघाताचा तो मार्ग लावला. कुणीतरी हौसेने बांधलेला, वळणासकट, सिग्नलसकट. लावायला नको होता, हे तेव्हाही कळत होतं.

उजेड होता. खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. गाडी वळणात शिरली. सिग्नल दिसला. लाल.

“हिरवा,” बाबा म्हणाले.

स्पष्ट. खणखणीत. मला नाचायला हवं होतं. पण सिग्नल लाल होता.

डाव्या स्पीकरमधून कुणीतरी म्हणालं, “लाल.”

ओरडून नाही. दमलेल्या माणसासारखं.

“हिरवा,” बाबा म्हणाले.

“लाल.”

मी वाकून स्पीकरची वायर उपटली. इंजिनाचा आवाज बंद झाला. स्कूटरही थांबली होती.

“लाल.” माझ्या डाव्या कानाशी. तिथे फक्त भिंत आहे.

बाबांचा हात लिव्हरवर घट्ट होता. वेग कमी होत नव्हता. ते समोर बघत म्हणाले, “अरे, उशीर झालाय. हिरवा म्हण.”



मग बाबांनी मान वळवली. त्यांचे डोळे भरलेले होते. ते माझ्याकडे बघत होते, माझ्याचकडे.

“तू तरी म्हण,” ते म्हणाले.

मला कळलं. सगळं कळलं. दारातली ती बाई आठवली, जिना उतरताना मागे बघणारी. आणि हा माझा बाप, एका हाताने लिव्हर धरून बसलेला, लहान मुलासारखा.

“हिरवा,” मी म्हणाले.

बाबांनी श्वास सोडला. पडद्यावर डावी काच हळूहळू वर आली आणि बंद झाली.

पुढचं मी पाहिलं नाही. कंप्युटरचं बटण दाबलं. इंजिन त्याच दिवशी पुसून टाकलं.

बाबा आता बरेच सुधारलेत. चहा मागतात, चिडतात, शेजाऱ्यांची चौकशी करतात. बोलायला शिकवणाऱ्या बाई तर खूश आहेत. फोरमनचा मेसेज आला होता, “काच दुरुस्त केलीस, बरं झालं.” मी त्याला दुसरी फाइल पाठवलेली नाही.

फक्त मी उजवीकडे बसलेली बाबांना चालत नाही. स्टूल डावीकडेच लागतं. आणि मला ते राघू म्हणतात. सुरुवातीला मी दर वेळी नाव सांगायचे.

काल त्यांनी हाक मारली आणि मी ओ दिली.