कालवांखालची अक्षरं

“काठी ज्याची त्यानंच उपटायची,” शकूमावशीनं बजावलं होतं. “दुसऱ्यानं हात लावला का माणसाला परतीची वाट गावत नाय.”

तेजल हसली होती. “मावशी, आता फोनमध्ये नकाशा असतो.”

“अस्सं? मंग त्या नकाशालाच धाड कालवं काढायला!”

तारापूरजवळच्या कोळीवाड्यात तेजलचं बिऱ्हाड मावशीच्या शेजारीच होतं. ओहोटीला कालवं, म्हणजे खडकांना चिकटलेले शिंपले, काढायला जाणारा जो तो किनाऱ्यावर आपली एक काठी रोवून जाई. तेजलचा नवरा विपुल बोईसरच्या कारखान्यात होता. सुट्टीच्या सकाळी त्यानंही हौसेनं काठी रोवली, कोयता घेतला आणि खडकांआड गेला.

किनाऱ्यावर थांबलेल्या तेजलनं जरा फोन पाहिला, तेवढ्यात त्यांच्या चार वर्षांच्या लेकीनं, दिशानं, ती काठी उपटून वाळूत रेघोट्या ओढायला घेतल्या. तेजलनं काठी हिसकावली. भोक बुजलं होतं. तिनं अंदाजानं, वीतभर अलीकडे, ती पुन्हा रोवली. कोणाला बोलली नाही.

भरती आली. विपुल आला नाही. दोन दिवस होड्या फिरल्या. बुडाला असेल, असं लोक म्हणाले.

तिसऱ्या दिवशी ओहोटीला तेजल खडकांवर गेली. एका खडकावर, कालवांच्या थराखालून, काहीतरी कोरलेलं डोकावत होतं. तिनं कवचं फोडली. आत अक्षरं होती. खोल कोरलेली, कडा पाण्यानं झिजून गुळगुळीत झालेल्या. किती काळ झिजल्या असतील, कोण जाणे. वळण विपुलचंच होतं.

‘तेजल, किनारा हाच आहे. गाव नाही, कारखाने नाहीत. माडाहून उंच मानेची जनावरं खाडीत उतरतात. दिशाच्या पुस्तकातले डायनासोर.’

पुढच्या दिवशी तिनं त्या अक्षरांच्या खालच्या बाजूचा थर फोडला.

‘इथे कोणीतरी राहतं. माणसं नव्हेत. दोन पायांवर चालतात, दगड मारतात. कपारीत लपलोय. माझी काठी सापडत नाही.’

तेजल तडक मावशीकडे गेली. तिनं मावशीला सगळं सांगून टाकलं. मावशी रागावली नाही, याचीच तिला जास्त भीती वाटली.

“जुन्या जागी रोव. पण पोरी...”

“पण काय?”

“वाट उघडली का ती एकट्याची राहात नाय.”

तेजलनं वाळू उकरून बुजलेलं भोक शोधलं आणि काठी तिथे रोवली. पाणी चढेस्तोवर वाट पाहिली. कोणी आलं नाही.

पुढच्या ओहोटीला, दिशाला कडेवर घेऊन, तिनं शेवटचा थर फोडला.

‘त्यांना काठी दिसली. तेजल, काढ ती.’

ती धावत सुटली.

काठी कोणीतरी आधीच उपटली होती.

भोकापासून घरांकडे ओली पावलं गेली होती. तीन बोटांची. पुष्कळ. त्यांत विपुलच्या चपलेचं एकही नव्हतं.

तेजलच्या दारापाशी ती पावलं थबकली होती. मग शेजारच्या, मावशीच्या दारात शिरली होती.

दार आतून बंद होतं.

दिशाला घेऊन तेजलनं तिथूनच रिक्षा पकडली.

आता ती सफाळ्याला आईकडे असते. दिशाला जमिनीवर सोडत नाही. भेटेल त्याला एकच विनवते, तुम्हालाही तेच: “तुम्ही तारापूरकडे गेलात, तर माझ्या शकूमावशीला बघून याल का? रस्त्यावरूनच हाक मारा, आत जाऊ नका. फोन लावला की लगेच उचलला जातो हो. बोलत कोणी नाही. नुसता श्वास ऐकू येतो, आणि तो एकाचा नाही.”