मिसरीच्या खुणा

पहिल्याच भेटीत सत्यमनं मला नळीत थुंकायला सांगितलं. शिरूर अनंतपाळच्या आमच्या गल्लीत, भर दुपारी, बायकांच्या रांगेत... लाजेनं माझं तोंडच कोरडं पडलं. हसू दाबत म्हणाला, चिंच आठवा. आठवली — आणि नळी भरली.

नांदेडच्या कॉलेजातून आला होता. वेगवेगळ्या समाजांत कॅन्सरचा धोका कमी-जास्त का, ते शोधत होता. तंबाखू खाता का विचारलं, तर मी फणकाऱ्यानं न्हाई म्हटलं. आई तोंडाच्या कॅन्सरनं गेली, मावशीही. आमच्या रक्तातच हाय म्हणून मी बापूंनी, माझ्या वडलांनी, आणलेली तीन स्थळं परतवली होती. हे त्याला का सांगितलं, देव जाणे. त्यानं पापण्या झुकवल्या — लई लांब होत्या मेल्याच्या.

मग तो येतच राहिला. कधी सही राहिली, कधी वय चुकलं... गल्ली काय खुळी हाय?

एकदा मात्र सकाळीच आला, चेहरा उतरलेला. तुमच्या समाजातल्या बायकांच्या जनुकांवर तंबाखूच्या खुणा दिसतात, अन् कागदावर एकीलाही व्यसन नाही, म्हणाला. त्याच्या सरांच्या मते हा समाजाच्या रक्तातलाच गुण. मी ओट्यावर बसून ऐकत होते. बोलता बोलता तो थांबला.

“बोटाला काय आहे?”

“मिसरी. दातांना लावत होते.”

“कशाची करता?”

“तव्यावर तंबाखू भाजून...”

आई रोज भाजायची. मावशीही. तंबाखू खाणं वेगळं अन् दात घासणं वेगळं, असंच आम्ही सगळ्या धरून चाललो होतो.

जरा अंतर ठेवून तो ओट्यावर टेकला. जनुकं जन्माची असतात, म्हणाला, पण आपण काय खातो, कशाच्या धुरात राहतो, त्याच्या खुणा त्यांच्यावर बसतात. त्या खुणांनीच एखादं जनुक जागं राहतं, एखादं गप्प. सवय सुटली की काही खुणा हळूहळू पुसटही होतात.

मी माझ्या तळहाताकडे बघतच राहिले. एवढ्याशा देहात कुणीतरी माझा रोजचा दिवस लिहून ठेवत होतं, अन् खोडायलाही तयार होतं! आईसाठी रडूही आलं.

“न्हाईच पुसल्या तर?”

“तर दर वर्षी तपासायला जाऊ...” तो अडखळला. “दोघं.”

मी उठून खळखळून चूळ भरली, ओढणीनं तोंड पुसलं अन् म्हणाले, “आमच्या बापूंना सोमवारी वेळ असतो. तुमच्या घरच्यांना घेऊन या.”