मॅटवरचा काटा

भाविका रेनकोट घालून मैदानाला फेऱ्या मारत होती. पाऊस नव्हता. दिवाळीच्या सुट्टीतलं डोकं फिरवणारं ऊन होतं आणि रेनकोट प्लास्टिकचा, गळ्यापर्यंत चेन लावलेला. घाम निघाला की वजन उतरतं, ही चंद्रप्रकाश सरांची युक्ती. सर स्वतः बदामाच्या झाडाखाली खुर्चीत बसून कटिंग पीत होते.

हा माणूस मला आवडत नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. तुम्हालाही आवडणार नाही. अंधेरीतल्या त्या शाळेचे ते कबड्डीचे प्रशिक्षक. तरुणपणी राज्याच्या संघातून खेळलेले, आणि ही गोष्ट ते रोज न चुकता ऐकवायचे. शिवाय वर पुस्ती असायचीच, की आजही माझं वजन तेव्हाइतकंच आहे, बरोबर बहात्तर. त्यांचं पोट मात्र शर्टाच्या बटणांशी भांडत असायचं.

फेऱ्या संपल्या तशी भाविका धापा टाकत हॉलमध्ये आली. सुट्टी लागली त्याच दिवशी शाळेला एका माजी विद्यार्थ्याने कबड्डीची नवी कोरी मॅट दिली होती, निळी आणि पिवळी, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. सरांनी तिची पूजा केली, हार घातला, नारळ फोडला. बूट घालून वर पाऊल टाकायचं नाही, वर बसून काही खायचं नाही, असे कडक नियम झाले. वजनाचा काटासुद्धा सरांनी मुद्दाम मॅटवर आणून ठेवला. कबड्डीच्या खेळाडूचं वजन कबड्डीच्या मॅटवरच झालं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. काटा जुना, गोल चकतीत सुई फिरणारा.

भाविका त्यावर उभी राहिली. सुई थरथरली आणि एकोणपन्नासला जाऊन थांबली.

स्पर्धेत मुलींच्या गटाला अठ्ठेचाळीसची मर्यादा होती. बाकीच्या मुली त्याच्या कितीतरी खाली, म्हणून वजन फक्त भाविकाचंच व्हायचं. सुट्टीआधी याच काट्यावर ती सत्तेचाळीस भरली होती.

"फराळ चापतेस ना घरी?" सर म्हणाले.

"नाही सर. काकडी खाते फक्त. आईला विचारा."

"काटा खोटं बोलत नाही. माणसं बोलतात." सरांनी सगळ्या संघासमोर जाहीर केलं, की शनिवारी मोठ्या बाई जर्सी वाटायला येणार आहेत, त्यांच्यासमोर शेवटचं वजन होईल. सुई अठ्ठेचाळीसच्या वर गेली तर भाविका बाहेर आणि तिच्या जागी मधुवंती.

भाविका काट्यावरून खाली उतरली. ती संघाची सगळ्यात चांगली चढाईपटू. समोरच्या सात जणींच्या घोळक्यातून कशी निसटायची ते बघणाऱ्याला कळायचंच नाही. वेसाव्याच्या कोळीवाड्यातली ही पोर पाचवीपासून या एका स्पर्धेची वाट बघत होती.

शाळेच्या फाटकाबाहेर पडल्यावर मात्र तिचा बांध फुटला, आणि राग निघाला तो मधुवंतीवर. काट्याला तूच काहीतरी केलंयस, तुलाच माझी जागा हवीय, असं ती तोंडावर म्हणाली. मधुवंती लोखंडवालातल्या सोसायटीत राहणारी, एरवी शांत. पण तीही भडकली.

"मला तुझी जागा घेऊन काय करायचंय गं? मला चढाईला पाठवलं तर माझी वाट लागेल, माहितीये ना तुला?"

दोघी एकमेकींच्या अंगावर जायच्या बेतात होत्या. भाविकाचा चुलतभाऊ प्रितम आणि मुलांच्या संघातला धवल मध्ये पडले म्हणून बरं. तरीही जाताना भाविका म्हणालीच, की उद्यापासून माझ्याशी बोलू नकोस.

घरी गेल्यावर चकलीच्या भाजणीचा वास होता, करंज्यांचा डबा भरलेला होता. तिने काकडी कापली. आजीने, सोनूबाईने, ते बघितलं आणि तिचा पारा चढला. सोनूबाई चाळीस वर्षं मासळी विकत आलेली. ती दुसऱ्या दिवशी थेट शाळेत पोचली आणि सरांना आपल्या कोळी बोलीत जे सुनावलं ते इथे छापता येणार नाही. सरांनी खुर्चीतूनच उत्तर दिलं, की खेळाडू घडवायचा तर घरच्यांनी मध्ये तोंड घालायचं नाही. आजी नातीचा हात धरून तिला कायमची घरी न्यायला निघाली. भाविका रडली, पाया पडली, शनिवारपर्यंत थांब म्हणाली. आजीने कसंबसं ऐकलं.

ऐकलं नसतं तर बरं झालं असतं, असं वाटावं अशी गोष्ट त्याच सकाळी घडली. फेऱ्या मारता मारता भाविकाचे पाय लटपटले आणि ती मैदानात उताणी पडली. सरांनी चहाचा घोट घेतला.

"ऊठ, नाटकं बंद कर," ते ओरडले. खुर्चीतून उठले मात्र नाहीत.

धावली ती मधुवंती. कालच्या भांडणाचं तिला काही आठवलंच नाही. तिने रेनकोटची चेन खाली ओढली, भाविकाचं डोकं मांडीवर घेतलं, बाटली तोंडाला लावली. सर लांबून बजावत होते, की पाणी देऊ नका, वजन वाढेल. मधुवंतीने त्यांच्याकडे बघितलंदेखील नाही. भाविकाचा दंड तिच्या हातात होता आणि तो पूर्वीपेक्षा बारीक लागत होता. ही मुलगी वाळलीय. मग सुई वर कशी चढतेय?

सराव सुटल्यावर प्रितम भाविकाला घरी घेऊन गेला. मधुवंती आणि धवल मात्र पाण्याची बाटली विसरल्याचं सांगून हॉलमध्ये परतले. त्यांनी काटा उलटा केला, हलवून बघितला, खाली कोणी काही चिकटवलंय का ते बघितलं. काही नव्हतं. सुई शून्यावर नीट उभी होती.

"तू उभी राहा बघू," धवल म्हणाला.

मधुवंती चढली आणि चक्रावली. परवाच ताप आला म्हणून डॉक्टरांकडे तिचं वजन झालं होतं. हा काटा तिला त्याहून तीन किलो जास्त दाखवत होता, आणि तापातून उठलेली ती नेहमीपेक्षा कमीच जेवत होती. धवलही चढला. तोही जड.

आतमध्ये उजेड कमी होता, म्हणून काटा उचलून त्यांनी बाहेर व्हरांड्यात नेला आणि लादीवर ठेवला. मधुवंती सहज त्यावर उभी राहिली. सुई डॉक्टरांच्या आकड्यावर! काटा परत मॅटवर नेला, तीन किलो जास्त. पुन्हा लादीवर, बरोबर.

"मॅट," धवल पुटपुटला. "खाली मऊ लागलं की हा जुना काटा बरोबर दाखवत नाहीये." असं का होतं ते त्याला नीट सांगता आलं नाही, पण होत होतं हे डोळ्यांसमोर होतं. सुट्टीआधी मॅट नव्हती, काटा फरशीवर असायचा आणि भाविका सत्तेचाळीस भरायची. मॅटचं इतकं कौतुक, आणि ज्या मॅटवर खेळायचं तिनेच भाविकाला उपाशी ठेवलं होतं.

संध्याकाळी चौघं वेसाव्याच्या किनाऱ्यावर जमले, बोंबील वाळत टाकलेल्या काठ्यांशेजारी. मधुवंतीने सगळं सांगितलं. भाविकाने मधुवंतीला एक धपाटा घातला आणि सॉरी म्हणाली. प्रितमला आत्ताच्या आत्ता सरांच्या घरी जायचं होतं. धवलने अडवलं. सर म्हणतील, काट्याशी खेळ कोणी सांगितला होता? आणि चौघांनाही बाहेर काढतील. ज्या माणसाला पडलेली मुलगी दिसत नाही, त्याला मुलांचं म्हणणं काय ऐकू येणार?

"मग त्यांच्याच तोंडून वदवायचं," भाविका म्हणाली. डोळ्यांत चमक आली होती तिच्या, बऱ्याच दिवसांनी.

शनिवारी मुख्याध्यापिका मृणालिनीबाई आल्या. हॉल भरला. सर हसतमुख, परीटघडीचा टी-शर्ट. भाविकाला बोलावलं गेलं तसा धवल पुढे झाला आणि अगदी साळसूद चेहऱ्याने म्हणाला, की बाई, आमचे सर अजूनही खेळत असतानाइतकेच आहेत, बहात्तर किलो. आधी त्यांनीच वजन करून दाखवलं तर आम्हाला केवढी प्रेरणा मिळेल!

बाई हसून म्हणाल्या, "करा की सर."

नाही म्हणायची सोय नव्हती. बूट आधीच बाहेर काढलेले, नियम त्यांचाच. सर ऐटीत काट्यावर चढले. सुई बहात्तर ओलांडून गेली, पंच्याहत्तर ओलांडून गेली आणि शहात्तरच्या जवळ डुलत राहिली. मागे कोणीतरी फिस्सकन हसलं.

"हा काटा बिघडलाय," सर तडकून म्हणाले. "काहीतरी खोटं दाखवतोय."

भाविका त्यांच्यासमोर उभी होती.

"माझ्या वेळी तो खोटं बोलत नव्हता, सर," ती म्हणाली.

मधुवंतीने काटा उचलला, व्हरांड्यात लादीवर ठेवला आणि बाईंना सगळा प्रकार सांगितला. बाईंनी सरांना पुन्हा उभं केलं. भरले त्र्याहत्तर, म्हणजे बढाई तिथेही एक किलो उघडी पडलीच. मग भाविका चढली. सुई पंचेचाळीसवर थांबली.

बाईंनी वाकून सुई बघितली. मग त्यांनी भाविकाचं मनगट हातात घेतलं.

"सर, ही मुलगी रोज तुमच्या डोळ्यांसमोर वाळत होती," बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण सरांनी मान खाली घातली. "काटा मॅटवर ठेवलात, चूक झाली, समजू शकते. पण रेनकोट? पाणी बंद? ही शाळा आहे." स्पर्धेला संघ घेऊन त्या स्वतः जातील, आणि सरांच्या नोकरीचं काय करायचं ते सोमवारी ठरेल, असं त्यांनी तिथेच सांगितलं. चौघांच्या पाठीवर थाप मारून, मोठ्यांनी बघायचं ते तुम्ही बघितलंत, असंही म्हणाल्या. प्रितमने यात काहीच केलं नव्हतं, तरी सगळ्यात जास्त छाती त्याचीच फुगली.

मग बाईंनी भाविकाला विचारलं, की नवीन प्रशिक्षक कसे हवेत तुला? खूप बक्षिसं मिळवलेले? कडक शिस्तीचे?

भाविकाने जरा विचार केला.

"मी पडले तर खुर्चीतून उठणारे," ती म्हणाली.

फाटकाशी सोनूबाई केव्हाची उभी होती, वॉचमनशी हुज्जत घालत. तिला आत बोलावलं. तिने सरांकडे एक नजर टाकली, नाक मुरडलं आणि पदराखालून करंज्यांचा डबा काढला. भाविका त्या निळ्या-पिवळ्या मॅटच्या बरोबर मधोमध मांडी घालून बसली आणि तिने मधुवंतीला शेजारी ओढलं. दोघींनी करंज्या फोडल्या, सारण मॅटभर सांडलं. सर दारात बूट हातात घेऊन उभे होते.